मधाचे औषधी मूल्य आणि त्याचे मापन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

न्यूझीलंडमधील मानुका नावाच्या झुडपाच्या फुलोऱ्यापासून मिळणारा मध आज जगभर औषधी मध म्हणून ओळखला जातो. त्याच्या बाटलीवर जंतुनाशक शक्तीचा अंक छापलेला असतो आणि त्या अंकानुसार त्याची किंमत ठरते. याउलट सह्याद्रीच्या माथ्यावर, सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व जावळी या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या गोळा होणारा मध पर्यटकांसाठीची एक गोड भेटवस्तू म्हणूनच प्रामुख्याने विकला जातो. मधाने जखमा भरून येतात ही श्रद्धा या भागात जुनी आहे. विशेष म्हणजे भाजलेल्या जखमांवरील मधाच्या उपयोगाची ज्या शल्यचिकित्सकाच्या चाचण्यांची जागतिक वैद्यकीय वाङ्मयात वारंवार दखल घेतली गेली, त्यांचे काम सोलापूर आणि पुढे सांगली-मिरज येथेच झाले.

म्हणजे मध येथे होता, त्याचे शास्त्रीय वर्णन येथे झाले आणि रुग्णांवरील परीक्षाही याच टापूत झाली. तरीही ‘औषधी मध’ ही ओळख दूरच्या देशातील एका झुडपाला मिळाली. असे का घडले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ग्रंथपरंपरा, मधुमक्षिकापालनाचा इतिहास आणि रुग्णालयीन संशोधन या तीन अंगांनी केला आहे.

ग्रंथपरंपरा व लोकव्यवहार :

आयुर्वेदाने मधाकडे केवळ गोड पदार्थ म्हणून पाहिले नाही. चरकसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे मधाचे चार प्रकार येतात. सुश्रुतसंहितेत त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल यांची भर पडून ही संख्या आठ होते. हे वर्गीकरण मुख्यतः मध गोळा करणाऱ्या कीटकाच्या जातीवर व मधाच्या स्वरूपावर आधारलेले आहे. सर्व मध सारखा नसतो, त्याचा गुण त्याच्या उगमावर अवलंबून असतो, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते. व्रणाचे शोधन, संधान आणि रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे, तिच्या कडा जुळवणे आणि ती भरून आणणे, ही मधाची कार्ये या परंपरेने सांगितली. नवा मध व जुना मध यांच्या गुणांत तिने भेद केला. मध तापवून घेऊ नये, असा निर्बंधही घातला.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या लोकव्यवहारात या ज्ञानाचा काही भाग मुरलेला आहे. अडुळशाच्या रसातून खोकल्यासाठी मध देणे, तोंड आले असता मध लावणे, भाजलेल्या जागी मधाचा लेप देणे हे उपाय घरोघरी परिचित आहेत. नवजात बालकाला मध चाटवण्याची चालही याच परंपरेतील आहे. मात्र या शेवटच्या चालीसंबंधी आधुनिक वैद्यकाचा इशारा निःसंदिग्ध आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला ते सहसा अपाय करत नाहीत, परंतु एक वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ते वाढून घातक विष निर्माण करू शकतात. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बालकाला मध देऊ नये, असे सांगितले जाते. परंपरेतील प्रत्येक उपाय पारखून घ्यावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

जंगलातील मध ते मधपेटी :

या परिसरात चार प्रकारच्या मधमाश्या प्रामुख्याने आढळतात. उंच कड्यांवर व मोठ्या झाडांवर एकच विशाल पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपांत लहान पोळे लावणारी फुलोरी, झाडांच्या ढोलीत व खडकांच्या कपारीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि आकाराने अगदी बारीक, नांगी नसलेली पोयाची माशी. पूर्वीचा बहुतेक मध आग्या माशीच्या पोळ्यांतून येत असे. रात्री धूर करून माश्या हुसकावणे, पोळे कापणे आणि ते हाताने पिळून मध काढणे ही त्याची रीत होती. तीत माश्यांची वसाहत नष्ट होई. पिळलेल्या मधात मेण, परागकण व अळ्यांचा अंश मिसळे, त्यामुळे तो लवकर आंबे.

मधमाशी पेटीत पाळून पोळे न मोडता मध काढण्याची आधुनिक पद्धत भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. जॉन डग्लस यांनी भारतातील मधुमक्षिकापालनावरील मार्गदर्शिका १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. १९१० नंतरच्या दशकात दक्षिणेत रेव्हरंड न्यूटन यांनी सातेरी माशीला अनुकूल अशी लहान पेटी प्रचारात आणली. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात या व्यवसायाची कुटिरोद्योग म्हणून शिफारस केली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तो आपल्या कार्यक्रमात घेतला. हिंसेवाचून मध मिळवणे हा या प्रयत्नामागील नैतिक विचार होता, आणि स्वच्छ मध मिळवणे हा त्याचा व्यावहारिक लाभ होता.

महाबळेश्वर येथे या कार्यास १९४६ मध्ये आरंभ झाला. या स्थळाची निवड योग्य होती. पावसाळा संपताच येथे व्हायटी व कारवी फुलते. कारवी दरवर्षी फुलत नाही, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे तिचा मध ही एक दुर्मीळ पर्वणी असते. हिवाळ्यात पिसा फुलतो. उन्हाळ्यात गेळा, जांभूळ व हिरडा यांचा बहर येतो. मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. माश्यांना बाहेर पडता येत नाही. अशा वेळी वसाहतींना साखरेचा पाक देऊन जगवणे हे मधपाळाचे मुख्य काम असते. अतिवृष्टी आणि अल्पकाळाचा भरघोस बहर यांच्या ताळमेळावर येथील मधाचा व्यवसाय उभा राहिला. मधपाळांच्या सहकारी संस्थेने मधाचे संकलन, प्रक्रिया व विक्री यांची घडी बसवली. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालयही महाबळेश्वर येथेच राहिले.

महाबळेश्वरची प्रयोगशाळा :

महाबळेश्वरचे वेगळेपण केवळ उत्पादनात नाही, ते येथे झालेल्या वैज्ञानिक कामातही आहे. डॉ. गो. बा. देवडीकर व चिं. वि. ठाकर यांनी १९५३ मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरांवरील प्रमुख मधुवनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाचा आकार व त्यावरील नक्षी निराळी असते. मधाच्या थेंबातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आले म्हणजे तो मध कोणत्या फुलांतून आला हे सांगता येते. पुढे र. पु. फडके यांनी महाबळेश्वरच्या एकपुष्पी मधांचे, म्हणजे प्रामुख्याने एकाच वनस्पतीपासून मिळालेल्या मधांचे, भौतिक व रासायनिक गुणधर्म तपासून १९६२ मध्ये मांडले. त्याच वर्षी पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आणि या कामाला राष्ट्रीय स्तरावर अधिष्ठान मिळाले.

या अभ्यासांनी जांभळाचा मध, हिरड्याचा मध, गेळ्याचा मध या लोकव्यवहारातील नावांना शास्त्रीय आधार दिला. त्यांचा रोख मधाची ओळख, शुद्धता व टिकाऊपणा यांवर होता, आणि तो काळाला अनुसरूनच होता. सातेरीच्या मधात पाण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. पाणी जास्त असले की मध आंबतो. म्हणून संकलित मध गरम करून, गाळून, त्यातील पाणी कमी करण्याची प्रक्रिया व्यवसायाला आवश्यक ठरली. परंतु याच ठिकाणी एक पेच निर्माण झाला, आणि त्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी मध जखमेवर नेमके काय करतो हे पाहणे आवश्यक आहे.

जखमेवरील मधाचे कार्य :

मधाची जंतुरोधक शक्ती एकाच कारणातून येत नाही. त्यात साखरेचे प्रमाण इतके जास्त व मोकळे पाणी इतके कमी असते की जंतूंच्या पेशींतील पाणी ओढले जाते. मध आम्लधर्मी असतो आणि आम्लता अनेक जंतूंना मानवत नाही. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मधमाशी फुलातील मकरंदात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मिसळते. घट्ट मधात ते निष्क्रिय असते, पण जखमेतील स्रावाने मध पातळ होताच ते काम करू लागते आणि हायड्रोजन पेरॉक्साईड थोड्या थोड्या प्रमाणात सतत तयार होत राहते. मधातील जंतुरोधक घटकाला १९३७ मध्ये ‘इन्हिबिन’ असे नाव देण्यात आले होते. तो घटक म्हणजे मुख्यतः हेच हायड्रोजन पेरॉक्साईड होय, हे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले.

हे विकर उष्णतेने नाश पावते. मध तापवू नये हा प्राचीन निर्बंध वेगळ्या विचारचौकटीतून आला होता. तरीही जखमेवर वापरायच्या मधापुरता त्याचा व्यवहार आधुनिक निरीक्षणाशी जुळतो. येथेच पूर्वोक्त पेच दिसतो. टिकण्यासाठी मध गरम करावा, तर त्याची औषधी शक्ती घटते, आणि कच्चा ठेवावा, तर तो आंबण्याची भीती असते. बाजारपेठेने यांपैकी टिकाऊपणाची बाजू घेतली.

सोलापूर ते सांगली : रुग्णालयीन परीक्षा :

रॉकेलच्या स्टोव्हचे भडके आणि चुलीच्या ज्वाळा यांनी भाजलेले रुग्ण, विशेषतः स्त्रिया, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांचे नित्याचे दृश्य होते. अशा जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझीन हे मलम लावण्याची पद्धत रूढ होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी या मलमाशी प्रक्रिया न केलेल्या मधाची तुलना केली. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या चाचणीत १०४ रुग्ण होते, प्रत्येक गटात ५२. मध लावलेल्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांच्या आत जंतुमुक्त झाल्या, तर मलमाच्या गटात संसर्ग आटोक्यात येण्याचे प्रमाण त्याच मुदतीत ७ टक्के होते. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरून आल्या, तर मलमाच्या गटातील १० टक्के. पुढील वर्षांत त्यांनी मधाची तुलना पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पट्टीशी, गर्भवेष्टनाच्या पडद्याशी आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीशी केली. यांतील शेवटचे दोन पर्याय गरीब देशांतील रुग्णालये प्रत्यक्ष वापरत असल्याने या तुलनांना सामाजिक अर्थ होता. १९९८ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या चाचणीत सातव्या दिवशी मधाच्या गटात ८४ टक्के व मलमाच्या गटात ७२ टक्के जखमांवर समाधानकारक त्वचा आली. एकविसाव्या दिवशी हे प्रमाण अनुक्रमे १०० व ८४ टक्के झाले.

त्यानंतरचे डॉ. सुब्रह्मण्यम व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम सांगली-मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय यांच्याशी निगडित आहे. मिरजेची वैद्यकीय परंपरा मोठी आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे रुग्णालय उभारले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथील संशोधनात जखमांतून मिळवलेल्या जंतूंवर मधाचा प्रभाव प्रयोगशाळेत तपासण्यात आला. भाजल्यानंतर शरीरात वाढणाऱ्या मुक्त मूलकांना मध कसा आवर घालतो, याचाही शोध घेण्यात आला. जंतुनाशाबरोबरच दाह कमी करणे हा मधाचा गुण असू शकतो, हा विचार त्यातून पुढे आला.

निष्कर्षांची मर्यादा :

या आकड्यांकडे श्रद्धेने नव्हे, तर चिकित्सेने पाहणे आवश्यक आहे. १९९१ व १९९८ या दोन चाचण्यांची मोजमापे सारखी नाहीत हे खरे, तथापि मलमाच्या गटाचे निकाल त्यांत बरेच वेगळे दिसतात आणि मध व मलम यांतील अंतर दुसऱ्या चाचणीत पुष्कळ कमी झालेले आहे. सिल्व्हर सल्फाडायझीन स्वतःच जखम भरण्याचा वेग मंदावते, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. तेव्हा तुलनेसाठी घेतलेले औषध फारसे प्रबळ नव्हते. अनेक चाचण्या एकाच संशोधकाकडून आल्या आणि रुग्णांची गटवारी कशी केली याचा तपशील त्यांत अपुरा होता, असे आक्षेपही समीक्षकांनी नोंदवले.

सर्वांत बोलकी मर्यादा मात्र याच संशोधकाने १९९९ मध्ये नोंदवली. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणे हे मधाच्या पट्टीपेक्षा श्रेष्ठ ठरते, असा निष्कर्ष त्यांनी ‘बर्न्स’ मध्येच मांडला. आपल्या आवडत्या उपायाविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची ही वृत्ती या संपूर्ण संशोधनाचे मोल वाढवणारी आहे. मध शस्त्रक्रियेला पर्याय नाही. वरवरच्या व अंशतः खोल भाजण्यात तो उपयुक्त आहे.

कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २६ चाचण्या व ३,०११ व्यक्ती यांचा विचार झाला. अंशतः खोल भाजलेल्या जखमा रूढ पट्ट्यांच्या तुलनेत मधाने सुमारे चार ते पाच दिवस लवकर भरतात, असे त्यात आढळले. इतर अनेक प्रकारच्या जखमांबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढता आला नाही. मानुका मधही याला अपवाद नाही. न्यूझीलंडमध्येच ३६८ रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायांवरील शिराजन्य व्रण बारा आठवड्यांत भरून येण्याचे प्रमाण मधाच्या पट्टीने लक्षणीय वाढले नाही.

मानुकाचा धडा :

मग मानुकाचे वेगळेपण कशात आहे? न्यूझीलंडमध्ये मधमाशी मुळात परकी, ती १८३९ मध्ये एका मिशनमार्फत तेथे पोचली. मानुकाचा दाट, काहीसा कडवट मध प्रारंभी दुय्यम समजला जाई. वायकाटो विद्यापीठातील डॉ. पीटर मोलन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की हायड्रोजन पेरॉक्साईड नष्ट केल्यानंतरही या मधाची जंतुनाशक शक्ती टिकून राहते. ही शक्ती फिनॉलच्या द्रावणाशी तोलून अंकात मांडण्याची पद्धत रूढ झाली. तिचे कारण मिथाईलग्लायॉक्सल हे संयुग होय, हे २००८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन व न्यूझीलंड येथील संशोधकांनी दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा मधाच्या पट्टीला परवानगी दिली. वैद्यकीय वापराच्या मधातील बीजाणू गॅमा किरणांनी नष्ट केले जातात, त्यामुळे मध न तापवता निर्जंतुक होतो आणि महाबळेश्वरच्या पेचावर निदान जखमेपुरता तोडगा निघतो. मानुका म्हणजे नेमके काय, याची व्याख्याही न्यूझीलंड सरकारने चार रासायनिक खुणा व एक जनुकीय खूण यांच्या आधारे २०१८ पासून अमलात आणली.

या क्रमात फूल, मधाची रासायनिक घडण, जंतुनाशक शक्ती, रुग्णावरील परिणाम आणि बाटलीवरील अंक हे पाच दुवे एका साखळीत जोडले गेले. सातारा-सांगली परिसरात यांतील पहिला, दुसरा व चौथा दुवा स्वतंत्रपणे व मोलाच्या कामातून तयार झाला, परंतु त्यांची साखळी बनली नाही. भारतातील अॅगमार्क व अन्न सुरक्षा मानके मधातील पाणी, शर्करा व भेसळ यांवर लक्ष ठेवतात, जंतुनाशक शक्तीचा अंक ती मागत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने अनेक नामांकित मधांत साखरपाकाची भेसळ असल्याचे उघड केले. त्यानंतर शुद्धता हाच चर्चेचा विषय झाला. शुद्धता आवश्यकच आहे, पण शुद्ध मध व औषधी मध या दोन गोष्टी एक नव्हेत.

या अभावाची किंमत मधपाळ मोजतो. १६ मे २०२२ रोजी महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. देशातील असे ते पहिले गाव होय. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावाला हीच ओळख मिळाली. अशा गावांतील मध पर्यटकाला आकर्षून घेतो, तथापि त्याच्या औषधी गुणाचा दावा मोजमापाशिवाय जाहिरातीपुरताच उरतो. शिवाय ज्या फुलोऱ्यावर हे सर्व उभे आहे, तो जपणे ही पूर्वअट आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. सातारा-सांगली सीमेवरील कोयना व चांदोली यांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जांभूळ, हिरडा व कारवीची ही वने टिकली, तरच एकपुष्पी मधाचा अभ्यास शक्य होईल.

निष्कर्ष :

१. मधाचा व्रणरोपक गुण ही या परिसरातील केवळ लोकश्रद्धा नाही. वरवरच्या व अंशतः खोल भाजलेल्या जखमांबाबत तिला रुग्णालयीन पुराव्याचा आधार आहे. खोल जखमा, मधुमेही व्रण किंवा बालकांचे आजार यांत तिचा विस्तार करणे धोक्याचे ठरते.

२. चाचण्यांत वापरला गेलेला प्रक्रिया न केलेला मध आणि बाजारात मिळणारा तापवलेला मध एक नव्हेत. घरातील बाटलीतला मध निर्जंतुकही नसतो. एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याचा दावा करता येत नाही.

३. मानुकाचे श्रेष्ठत्व झुडपापेक्षा मोजमापात अधिक आहे. जांभूळ, हिरडा, गेळा, व्हायटी यांच्या मधाची जंतुनाशक शक्ती हंगामवार व वनस्पतीवार मोजून जाहीर करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी महाबळेश्वरच्या परागकणांच्या नोंदी आणि मिरजेच्या जखमांवरील नोंदी एका टेबलावर याव्या लागतील. त्या दोन टेबलांमधले अंतर घाट उतरून एका दिवसात कापता येण्याजोगे आहे, पण सत्तर वर्षांत ते कापले गेलेले नाही.